सुखदेवभाऊंची अर्धी बैठक

जामच्या चौरस्त्यावर मी हिंगणघाटच्या बसची वाट पाहत उभा होतो. ओळखीचा पानठेलेवाला पानाला चुना लावता लावता म्हणाला, "मास्तर, तुमचे पहिलवान गेले ना काल." मी उगाच विचारलं, "कोणते पहिलवान?" माझ्या ओळखीत पहिलवान एकच होते. "केळझरकडले. सुकदेवभाऊ. वर्ध्याच्या दवाखान्यात गेले. हार्ट म्हणतेत." मग पान माझ्या हातात देत तो म्हणाला, "आता सांगा, एवढी कसरत केली, एवढं डोळे मिटून बसला माणूस, अन् पन्नाशी बी नाई गाठली. आमी पाहा, सकाळपासून तंबाखू खाऊन राह्यलो, काई होत नाई." त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. खरोखरच कोडं पडल्यासारखा तो माझ्याकडे पाहत होता. पान तसंच हातात धरून मी रस्ता ओलांडला आणि समोरून आलेल्या वर्ध्याच्या बसमध्ये चढलो.

त्याला दीड महिना झाला. या दीड महिन्यात तोच प्रश्न मला चार-पाच जणांनी विचारला. व्यायामाने आयुष्य वाढतं का, हे डॉक्टरांनी सांगावं. मला फक्त सुखदेवभाऊंचं सांगता येईल, आणि तेही मी पाहिलं तेवढंच.

चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरच्या सुमारास मी केळझरजवळच्या त्यांच्या गावी प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो. अंगाने काडी, पोटाने कायमचा आजारी, आणि परगावी एकटा. सुखदेवभाऊ तेव्हा पस्तिशीतले. दहा एकरांचे शेतकरी, आणि मारुतीच्या देवळामागच्या आखाड्याचे वस्ताद. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला रस्त्यात अडवलं. "मास्तर, तुमी पोरायले शिकवता, पण तुमच्या अंगात तर खडू उचलाची ताकद नाई. उद्यापासून येजा." मी गेलो. ते सरसकट सगळ्यांना एकच व्यायाम देत नसत. माझ्या पोटासाठी त्यांनी सूर्यनमस्कार आणि जेवणानंतरची शतपावली दिली. दंड-बैठका पुढे तीन महिन्यांनी. लठ्ठ सावकाराच्या पोराला बैठका न देता विहिरीत पोहायला पाठवलं, कारण त्याच्या गुडघ्यांना भार सोसला नसता. "दंडानं छाती भरते, बैठकीनं पाय. चालण्यानं डोकं हलकं होते," असं त्यांचं साधं शास्त्र होतं. सहा महिन्यांत माझं जेवण पचू लागलं आणि मी रात्रभर झोपू लागलो.

पण ज्यांनी मला झोप दिली त्यांना स्वतःला झोप नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. त्यांचा राग गावभर प्रसिद्ध होता. बैल अडला तर बैलावर, पोरगा चुकला तर पोरावर. एकदा धाकट्या भावाशी, मारोतीशी, शेजाऱ्याकडल्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, शब्दाला शब्द वाढला, आणि सुखदेवभाऊंनी त्याच्या कानशिलात लगावली. एकच थप्पड. पण रोज हजार बैठका मारणाऱ्या माणसाची थप्पड ती. मारोती खाली पडला. त्याच्या उजव्या कानातून रक्त आलं, आणि त्या कानाने त्याला पुन्हा कधीही ऐकू आलं नाही.

मारोतीने तक्रार केली नाही, वेगळं निघाला नाही. तो फक्त मोठ्या भावाशी बोलायचा थांबला. त्यानंतरचे सुखदेवभाऊ मी पाहिले आहेत... आखाड्यात यायचे, लंगोट कसायचे आणि लाल मातीकडे पाहत उभे राहायचे. हात थरथरायचे. बसल्या जागी छाती धडधडायची आणि अंगाला दरदरून घाम फुटायचा. सेलूच्या डॉक्टरांनी तपासलं. काही निघालं नाही. एका सकाळी ते मला म्हणाले, "मास्तर, अंगात बळ भरलं म्या. पण त्याले लगाम घालाचं कोणी शिकवलंच नाई."

लगाम घालायला शिकवणारा माणूस गावातच होता. आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक रामटेके गुरुजी. त्यांच्या घराण्याने छप्पन साली बुद्धधम्म घेतला होता, आणि ते रोज पहाटे विहारात तासभर डोळे मिटून बसत. एका पहाटे सुखदेवभाऊ तिकडे गेले. पहिलवान त्या मोहल्ल्यात कशाला जातो, म्हणून इकडे चावडीवर चार दिवस बोलणं झालं. तिकडेही काही जण साशंकच होते. गुरुजींनी काहीच विचारलं नाही. बाजूला पोतं अंथरलं आणि सांगितलं, "नाकाशी लक्ष ठेव. श्वास येतो, जातो. तेवढंच पाह्य."

पहिल्या दिवशी सुखदेवभाऊ पाच मिनिटांत उठले. मला सांगत होते, "हजार बैठका सोप्या, मास्तर. आतमध्ये कोणी तरी सुरुंग लावून राह्यलं असं वाटते." मारोतीचा रक्ताळलेला कान डोळ्यांसमोर यायचा, आणि तो विचार ते जोर लावून ढकलायला जायचे. गुरुजी एकदा त्यांना म्हणाले, "याच्याशी कुस्ती काऊन खेळतं? आला तर येऊ दे. आला हे पाह्य, अन् पुन्हा श्वासावर ये." हे एका दिवसात साधलं नाही. दोन वर्षं लागली. मधेच सुटायचं, पुन्हा धरायचे. त्यांनी व्यायामही सोडला नाही. उलट म्हणायचे, आधी अंग दमवलं की मन बसायला तयार होतं. हळूहळू हातांची थरथर थांबली. राग येत होताच, पण आता तो येताना त्यांना दिसत होता. मारोतीची त्यांनी माफी मागितली. मारोतीने मान हलवली, पण बोलला नाही.

एक्याऐंशीचा उन्हाळा. दोघा भावांच्या सामाईक शेतात नवी विहीर खोदणं चालू होतं. तीस हात खोल गेली होती, दगडी बांधकाम व्हायचं होतं. शाळेला सुट्ट्या होत्या, आणि झरा लागला म्हणून पाहायला मी हौसेने दोराला धरून सुखदेवभाऊंच्या मागे खाली उतरलो. मजूर जेवायला आंब्याखाली गेले होते. वर मारोती एकटा, कप्पीजवळ. मी वाकून झऱ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, आणि पाठीमागे पोतं ओतावं तसा आवाज झाला.

पुढचं कळलं तेव्हा मी उभाच होतो, पण काखेपर्यंत मातीत. हात तेवढे बाहेर. मी किंचाळलो. किंचाळताना श्वास बाहेर गेला, छाती आत गेली, आणि मोकळ्या झालेल्या जागेत माती येऊन बसली. आता छाती पुन्हा फुगेना. मी आणखी जोराने ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुखदेवभाऊंचा तळवा माझ्या तोंडावर आला.

"ओरडू नको. आवाजानं वरची माती येईन." आजवर ते मला 'तुम्ही' म्हणत होते. "माह्याकडे पाह्य. श्वास पुरा सोडू नको. अर्धा ठेव आत. लहान घे, लहान सोड."

मी वर पाहिलं. माझ्या डोक्यावर दोन-अडीच हातांवर काळ्या मातीचा एक भला मोठा लादा सुटून पुढे झुकला होता, आणि त्याच्या चिरेतून बारीक माती गळत होती. दोर सुखदेवभाऊंच्या हाताशी होता. ते वर जाऊ शकत होते. त्यांनी दोर धरला, पण ओरडले नाहीत. ओरडून उपयोगही नव्हता, वर मारोती आमच्याकडे उजवा कान करून उभा होता, हे मागून कळलं. त्यांनी दोराला थांबून थांबून हिसके दिले. तीन, मग पुन्हा तीन. काठावर मारोतीचं डोकं दिसलं. त्याने खाली पाहिलं आणि दिसेनासा झाला. तो पळाला की मदतीला गेला, ते कळायला काही मार्ग नव्हता...

सुखदेवभाऊंनी उभं राहायला टाकलेली सागाची फळी उचलली, ढिगाऱ्यावर चढले, फळी त्या लाद्याखाली लावली आणि तिला पाठ देऊन उभे राहिले. गुडघे अर्धे वाकलेले, पाय रोवलेले. बैठक मारताना माणूस मध्येच थांबावा तसे. माझं डोकं त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये आलं होतं. त्यांच्या घामाचे थेंब माझ्या कपाळावर पडत होते.

"नाकाशी काय लागते?" त्यांनी विचारलं.

"माती," मी म्हणालो.

"हवा. हवा लागते. येतानी थंड लागते का नाई, ते सांग."

मी सांगत राहिलो. थंड. गरम. थंड. मध्येच मनात आलं की आता संपलं, आणि श्वास सुटला. माती पुन्हा घट्ट बसली. "आली ना भीती?" ते वरून म्हणाले. "येऊ दे. तिले ढकलू नको. पुन्हा नाकाशी ये." त्यांच्या मांड्यांचे स्नायू माझ्या कानांजवळ थरथरत होते. पण आवाज संथ होता, शाळेत पाढे म्हणून घ्यावेत तसा.

मारोती चौघांना घेऊन आला. स्वतः पहिला उतरला. घमेल्याने नाही, हातांनी माती उपसू लागला. एकदा लादा कुरकुरला तेव्हा त्याने वर पाहिलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा भावाशी बोलला, "दादा, धरशीन का?"

"तू काढ. मी हावो."

किती वेळ लागला ते कोणालाच नक्की सांगता येईना. तासाच्या वरच असेल. मला दोराने वर घेतलं तेव्हा दोन बरगड्या आणि डावा पाय मोडला होता. माझ्यामागून मारोती आणि इतर वर आले. शेवटी सुखदेवभाऊंनी फळी सोडून दोर धरला, आणि ते अर्ध्यावर असताना लादा खाली कोसळला. काठावर आल्यावर त्यांचे पाय सरळच होईनात. मारोती खाली बसून ते चोळत होता, आणि दोघे भाऊ रडत होते.

पुढे एकदा मी विचारलं, तेव्हा भीती नाही वाटली? ते म्हणाले, "लय वाटली. पण तिच्याकडे पाहाले कोणी तरी मोकळा होता ना आतमध्ये." आणि मग विचार करून म्हणाले, "नुसते पाय असते तर पळालो असतो. नुसतं ध्यान असतं तर फळी पेलली नसती."

पाय जोडला गेला, पण मी बिघडलो. दार लावलं की गुदमरायचं, बसमध्ये खिडकी मिळाली नाही तर उतरून जायचो. मला वाटलं, आता हे मला ध्यानाला बसवतील. त्यांनी साफ नकार दिला. "भ्यालेल्या माणसाले लगेच डोळे मिटाले सांगू नये. आतमध्ये विहीरच भेटते." चार महिने त्यांनी मला फक्त चालवलं. केळझरच्या गणपतीच्या टेकडीपर्यंत आणि परत, आधी काठी घेऊन, मग काठीशिवाय. मग नमस्कार. मग पोहणं, तेही काठावर हात ठेवून. बसायला सांगितलं ते वर्ष उलटल्यावर, आणि तेही उघड्या डोळ्यांनी, अंगणात. मी बरा झालो. पुढे जामजवळच्या शाळेत बदली झाली, तरी दर महिन्याला भेट व्हायचीच.

गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाचा दोष निघाला. डॉक्टर म्हणाले, घराण्यातच असावा. त्यांचे वडीलही चाळिशीत गेले होते. डॉक्टरांनी दंड-बैठका बंद करायला सांगितल्या. त्यांनी एका शब्दाने वाद न घालता बंद केल्या. औषधं वेळेवर घेतली. शेवटच्या भेटीत, दवाखान्यात, मारोती उशाशी होता. मी काहीबाही धीराचं बोलू लागलो, तर हाताने थांबवलं. "मास्तर, तुमचाच श्वास वर-वर चालून राह्यला. बसा आधी."

तेराव्यानंतर मी पुन्हा त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी अंजनावहिनींनी मागच्या खोलीचं दार उघडून दिलं. ही त्यांची व्यायामाची खोली. जमीन शेणाने सारवलेली, आणि मधोमध दोन हात अंतरावर दोन उथळ खळगे. दंड काढताना त्यांचे तळवे टेकत तिथे पडलेले. वहिनी म्हणाल्या, "दर शनवारी सारवतानी मी बुजवत होती. शनवारी बुजवले का सोमवारपर्यंत पुन्हा पडत. मी चिडत होती त्याह्यच्यावर." त्या दाराशीच थांबल्या. "वर्षभर दंड बंद होते, तवापासून बुजवलेच नाई."

मी वाकलो आणि त्या खळग्यांत हात ठेवले. अंतर मला जास्त होतं, खांदे ताणले गेले. कसाबसा एक दंड काढला आणि कोपरे थरथरू लागली तसा गुडघ्यांवर टेकलो. बरगड्या दुखत होत्या. डोळे भरून आले होते, म्हणून मान वर केली नाही.

"दमले का, भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

"हो."

"मंग बसा जराशे," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच भिंतीशी पोतं अंथरून आधी खाली बसल्या.