हळदीची शेवटची सावड

परदेशात हळद शिकवायला गेलेला साखऱ्यातला पहिला माणूस मीच. माझ्या सदऱ्याला इतकी हळद होती, की तिथल्या विमानतळावरचे शिपाई आठवडाभर पिवळं शिंकत होते म्हणे.

त्या देशातली लढाई नुकतीच थांबलेली. गावात दोन्ही बाजूंची माणसं. एकमेकांच्या विहिरीवर पाणीसुद्धा भरत नव्हती. कुण्या श्रीमंत देशाच्या पैशातून त्यांना हळद लावून द्यायची होती. हळद राहू द्या, मी त्यांना आपली सावड शिकवली: आज सगळ्यांनी तुझ्या शेतात राबायचं, उद्या माझ्या; ज्याचं शेत, त्याच्या घरी सगळ्यांचं जेवण. हळद शिजवायचा कुकर एकच. तो जाईल तिकडं गाव जायचं. पहिल्या दिवशी ते जेवणावर असे तुटून पडले, की मला वाटलं, लढाई भुकेपायीच झाली असावी.

दुसऱ्या हंगामात, काढणी ऐन भरात असताना पैसेवाल्यांनी कळवलं: देश आता आपल्या पायावर उभा आहे, कार्यक्रम संपला. कुकर ट्रकवर चढला, मी विमानात. एका विधवेची पाळी तेवढी राहिली. ती सगळ्यांच्या शेतात राबली होती, नवऱ्याला मारणाऱ्यांच्याही.

परवा आमची हळद शिजत होती, तेवढ्यात तिथल्या दुभाष्याचा फोन आला. सिनेमे बघून हिंदी शिकलेला गडी. ती विधवा बाई त्याच्या शेजारीच होती; तिची हळद अजून कच्चीच पडून होती म्हणे.

"कढईत शिजव म्हणावं! आमचा आजा कढईतच शिजवायचा!" मी फोनवर ओरडलो.

"काहून इतकं वरडून राहिले?" बायको म्हणाली. "आवाज तिथवर पायी जाणार हाय का?"

कढई मिळाली होती, दुभाष्यानं सांगितलं. लाकडंही. बाईनं घरोघर बोलावणं केलं, पहाटे उठून साऱ्या गावाचा स्वयंपाक केला. दिवस मावळला तरी उंबऱ्याला कुणी शिवलं नाही.

"अन् तिच्या स्वतःच्या बाजूचे?" मी विचारलं.

"तेही नाही. वैऱ्याच्या शेतात काहून राबली, म्हणतात."

ढिगातल्या हळदीला कोंब फुटले होते. तिथं मी सगळ्यांचा मास्तर. बाई विचारत होती, मास्तर येतील का? मास्तर आले, तर सगळे येतील.

तो देश मीच सावरला, असं मी वारंगा फाट्यावरच्या हॉटेलात कितीदा सांगितलंय! चहासुद्धा फुकट मिळालाय त्यावर.

"येतो म्हणावं," मी म्हणालो. "येत्या आठवड्यात."

दुभाषी बरं म्हणाला. पण ते तिच्या भाषेत त्यानं बाईला सांगितलंच नाही.