मामाचं जाळं आणि आईचं सिरोंचा

बाबा बसचे ड्रायव्हर होते आणि सिरोंचा त्यांच्या ड्युटीत कायम असायचं. प्राणहिता नदी किती रुंद आहे, पलीकडचा तेलंगणा कसा दिसतो, इडलीबरोबर चटणी किती तिखट देतात, हे सगळं आम्ही चंद्रपुरात घरी बसून ऐकलं. आईने जरा जास्तच ऐकलं. बाबा रिटायर झाले, तरी तिचं सिरोंचा राहूनच गेलं होतं. या हिवाळ्यात मी जाहीर केलं की गाडी मी चालवणार आणि आईला नदी दाखवून आणणार. आईने त्याच संध्याकाळी बॅग भरली.

सकाळी लवकर निघालात तर मूल गावापर्यंतचं जंगल धुक्यात मिळतं, ते चुकवू नका. बाबा शेजारच्या सीटवर होते. त्यांच्या बाजूला ब्रेक नाही, तरी प्रत्येक वळणावर त्यांचा पाय दाबला जात होता. मूलला तर्रीपोहे खाल्ले. तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, वरून पुन्हा मागितली की हसत देतात.

पुढे सावली या गावाजवळच्या खेड्यात माझे मामा राहतात. आईचं माहेर पिढ्यान्‌पिढ्या तलावात मासे धरणारं. मामींनी सकाळच्या माशांचा रस्सा आणि नव्या तांदळाचा भात वाढला आणि मला गाडी चालवायची आहे हे विसरून मी जेवले. तेवढ्यात मामांनी गाडीच्या तोंडाशी एक बारीक जाळं बांधून टाकलं. धान चुरणं, म्हणजे भाताची मळणी, सुरू आहे, तणसाचा भुसा उडून रेडिएटरमध्ये बसतो, म्हणून. जाळं त्यांनी स्वतः विणलेलं. बाबांनी त्यांच्या अकलेची तारीफ केली, मीही केली.

वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीत शिरलो. बाजाराचा दिवस होता, चौकात गाडी मुंगीच्या चालीने सरकत होती, आणि तापमानाचा काटा चढायला लागला. बाहेर पडून वेग घेतला, तर काटा गुमान खाली. चामोर्शीत धानाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेमागे पुन्हा तेच. बाबांनी हीटर पूर्ण सोडायला लावला. इंजिनाची गरमी आत ओढून घेतो म्हणून हा उपाय खरंच चालतो, पण आतली माणसं उकडून निघतात. आई मागे पदराने वारा घेत हसत होती.

आष्टीच्या अलीकडे लोहखनिजाच्या ट्रकांची लांबच लांब रांग लागली आणि काटा थेट लाल रेषेला टेकला. मी गाडी एका मोहाच्या झाडाखाली घेतली आणि बंद केली. गॅरेज मागे चामोर्शीत राहिलं होतं, पुढे आलापल्लीचं जंगल. बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "वापस घे गाडी. जंगलात बंद पडली तं कोनी यिऊन नाई राह्यलं." आईने मांडीवरची बॅग दोन्ही हातांनी धरली. ते बघून मला रडू यायचंच बाकी होतं.

मग आम्ही नीट विचार केला. गाडी पळते तेव्हा वाऱ्याने पाणी थंड होतं. हळू चालते तेव्हा ते काम रेडिएटरच्या पंख्याचं. म्हणजे दुखणं पंख्यात. इंजिन निवेपर्यंत थांबलो (गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका, पाणी तोंडावर उसळतं). बाटलीतलं कूलंट बरोबर भरलेलं होतं. एसी लावला की हा पंखा फिरायलाच हवा; लावून बघितला, फिरला नाही. फ्यूज बघितला तर जळलेला. डब्यात तेवढ्याच ताकदीचे दोन जास्तीचे होते. एक लावला, चावी फिरवली आणि तोही क्षणात गेला. आता एकच उरला.

बाबांनी चावी काढून घेतली आणि पंखा हाताने फिरवायला गेले. तो हलेना. आई मागून डोकावली आणि म्हणाली, "हा तं आपल्या भाऊचा धागा."

उलगडा झाला. गाडीच्या तोंडापेक्षा जाळं मोठं होतं. धडधाकट जाळ्याला कात्री लावायची नाही, ही मामांच्या घरची रीत. म्हणून उरलेलं टोक त्यांनी रेडिएटरच्या कडेने आत खोचून दिलं होतं. गडचिरोलीत पंखा पहिल्यांदा सुरू झाला, त्याने टोक ओढून आपल्या बुडाशी गुंडाळलं आणि अडकून बसला.

आईने आधी सोडवायचा प्रयत्न केला. गाठी दोऱ्यात रुतल्या होत्या. ती थोडा वेळ जाळ्यावर नुसता हात ठेवून उभी राहिली. मग बॅगेतून सुपारीचा अडकित्ता काढला आणि कचाकच कापलं. बाबांनी तुकडे उपटले, जाळं पूर्ण सोडलं. पंखा बोटाने ढकलला, गरगर फिरला. शेवटचा फ्यूज लावला, एसी लावला, आणि पंखा असा काही घोंगावला की आम्ही तिघं रस्त्याकडेला हसत सुटलो. खात्री म्हणून ट्रकांच्या रांगेत पुन्हा घुसलो. काटा अर्ध्यावरच बसून राहिला. आता बाबा म्हणाले, "चाल, आलापल्लीत चा पिऊ."

आलापल्लीत फ्यूज मिळाले, जास्तीचे घेतले. पुढे सागवानातून रस्त्याचं काम चालू आहे, वेळ हाताशी ठेवून निघा. सिरोंच्यात साधा स्वच्छ लॉज मिळाला. सकाळी आई प्राणहितेत घोटाभर पाण्यात उभी राहिली. बाबा शेजारून सगळी माहिती देत होते. ती म्हणाली, "चूप राहा जी. मले पाहू द्या." मला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

येताना मामा परगावी होते, म्हणून जाळ्याचा विषय टळला. घरी पोचल्यावर त्यांचाच फोन आला, जाळं कसं आहे विचारायला. आईने सरळ सांगितलं की कापलं. फोनमधून मामांचा आवाज मलाही ऐकू आला, "चांगलं जाळं कापलं काऊन, बाई?"

"मले नदी पाहाची होती," आई म्हणाली. आणि मग, मामांना तिकडे बोलायची संधी न देता, नदी कशी आहे ते तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.