अर्धी लाल, अर्धी निळी

आता कसं सांगू तुम्हाला, सांगताना माझं मलाच हसू येतंय! कुरुंद्यात चोवीस वर्षं झाली मी शिलाई मशीन चालवतो. नवरदेवांचे कोट शिवले, बँडवाल्यांचे डगले शिवले. पण एका चड्डीनं माझी जी इज्जत काढली ना, तशी आजवर कुण्या गिऱ्हाइकानं काढली न्हाई!

साक्षी माझी भाची. हिंगोलीत कॉलेजला हाय, होस्टेलवर राहती. उंच, दणकट पोरगी. तिथं बॉक्सिंग शिकून राहिली. एक दिवस तिचा फोन आला.

"मामा, पुढच्या आठवड्यात मॅच हाय माझी. बनियन अन् चड्डी पायजे. लाल बी पायजे अन् निळी बी. माझ्या मापाची दुकानात भेटूनच न्हाई राहिली."

"दुकानात काहून जातीस? मामा मेला का तुझा?"

"अन् मामा, हेडगार्ड हाय ना, ते..."

"समजलं, समजलं! तू फकस्त सरावाकडं ध्यान दे."

अन् मी फोन ठेवून दिला. तुमीच सांगा, लाल बी पायजे अन् निळी बी पायजे, याचा अर्थ काय होतो? मी म्हणलं, डावी बाजू लाल, उजवी निळी! वसमतहून चकचकीत साटीन आणलं. एक जोड फाटला तर अडचण नको म्हणून अगदी सारखे दोन जोड शिवले.

बायको म्हणली, "अवं, पोरीला एकदा विचारा तरी."

"दर्जी माप विचारत असतो. डिझाइन त्याच्या डोक्यात असतंय!"

मॅचच्या दिवशी ऐटीत हिंगोली गाठली. साक्षीच्या कोच मॅडम हॉलच्या दारातच भेटल्या. मी पिशवी उघडून आधी माझं मोटरसायकलचं हेल्मेट काढलं.

"हे काय?"

"हेडगार्ड, मॅडम. काच बी हाय. समोरची कितीबी मारू द्या, नाकाला धक्का न्हाई!"

मॅडमनी डोळे मिटले. "मामा, हेडगार्ड आणि ग्लोव्हज कॉलेज देतं. तेच ती सांगत होती. ड्रेस दाखवा."

दाखवला. साक्षीनं बघितला अन् मटकन खुर्चीवर बसली.

"मामा, हे काय केलंत?"

तवा मला कळलं. चिठ्ठी काढून ठरवतेत, एक पोरगी लाल कोपऱ्यात अन् दुसरी निळ्या. ज्या कोपऱ्यात उभं राहायचं, त्या रंगाचा अख्खा ड्रेस पायजे. म्हणून दोन येगळे सांगितले होते पोरीनं! अन् तिच्या नावाला निघाला होता लाल कोपरा.

"दुसऱ्या कुणाचा घ्या ना," मी म्हणलं.

"कुणाचा येणार तिला?" मॅडम म्हणल्या. "पाऊण तास आहे. नाहीतर न खेळताच समोरची जिंकली."

साक्षी नुसती हाताला पट्टी गुंडाळत राहिली. सहा महिने पहाटं उठून पळालेली पोरगी, अन् मामाच्या चड्डीपायी हरणार?

रस्त्यापलीकडं एका दर्ज्याचं दुकान होतं. गेलो अन् हातच जोडले. "भाऊ, अर्धा तास मशीन द्या. भाचीच्या मॅचचा सवाल हाय."

त्यानं ड्रेस बघितला. "हे शिवलं कुणी?"

"हाय एक जण आमच्या गावात," मी म्हणलं.

दोन्ही जोड मधोमध उसवले. लालला लाल जोडायचं, सोपं काम! पण जोडायला घेतलं अन् घाम फुटला. लाल तुकडे दोन्ही डाव्या पायाचे! सारखेच शिवले होते ना मी. उजव्या पायाला काय लावू?

दर्ज्यानं शांतपणे एक तुकडा उचलला अन् उलटा केला. आतली बाजू बाहेर. डाव्याचा झाला की हो उजवा! फकस्त एका बाजूला साटीन चमकत होतं, दुसरी बाजू मळकी. बनियनचंही तसंच. पण सगळं लाल! मशीन अशी पळवली म्हणता!

ड्रेस अंगात बरोबर बसला. पंचांनी एकदा वर बघितलं, एकदा खाली बघितलं, अन् मान हलवली. माझी छाती फुगली.

तेवढ्यात मॅडमनी डबीतून नवं माउथगार्ड काढलं. दात वाचवायला तोंडात धरतेत ते. साक्षीचं जुनं सकाळीच तुटलं होतं.

"मामा, गेटवरच्या चहावाल्याकडं जा. मिनिटभर गरम पाण्यात धरा. मऊ झालं की लगेच चावायचं असतं, म्हणजे दातांचा साचा बसतो. पळा!"

पळालो. पाण्यात धरलं. मऊ झालं. आता बघा, गेटपासून हॉल केवढा लांब! वाटेत थंड झालं म्हणजे? लगेच चावायचं, असं मॅडमनीच सांगितलं होतं.

मी चावलं.

हॉलमध्ये पोचलो तर मॅडम विचारतेत, "कुठंय माउथगार्ड?"

मी तोंडाकडं बोट दाखवलं.

"मामा," मॅडम हळूच म्हणल्या, "मॅच कुणाची आहे?"

"म्म... म्माक्षीची."

नशीब, त्यांच्या बॅगेत आणखी एक होतं. या वेळी मॅडम स्वतः पळाल्या, साक्षीला संगं घेऊन.

अन् पोरगी जिंकली हो! एक बाजू चमकती, एक मळकी, पण ठोसे दोन्हीकडून सारखेच. मी बाकावर चढून इतका ओरडलो, "डावा मार! उजवा मार! खाली वाक!" की पंचांनी मला दोनदा खाली बसवलं.

निघताना मॅडमनी माझं ते माउथगार्ड डबीत घालून हातात दिलं. "मामा, हे तुमच्याच मापाचं झालंय. पुढच्या मॅचला येताना घालूनच या."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती हसंल असं वाटलं होतं. हसली न्हाई. तिनं डबी उघडून माउथगार्ड उलटंसुलटं करून बघितलं.

मग म्हणली, "त्या मॅडमचा नंबर द्या जरा. हे घरात बी घालता येतं का, इचारते."