अंबाजीची मूठ

मी नांदायला आले तेव्हा माझा दीर अंबाजी शेंबडं पोर होतं. पुढं त्यानं हुलसूरला एका हातानं चहाचं हॉटेल चालवलं. विहीर खोदताना काठ ढासळला आणि माझे मालक मातीखाली गेले. अंबाजीनं थोरल्या भावाचा, त्याच्या अण्णाचा, हात धरून ठेवला. वरून धोंडा आला. मालक गेले, अंबाजीचा उजवा हात कोपराखाली कापावा लागला.

सत्त्याऐंशी साली नकली हात बसवायला मी त्याला गुलबर्ग्याला नेलं. उरलेल्या स्नायूत किती जीव आहे ते मोजायला डॉक्टरनं सुई टोचली. मशीनच्या काचेवर हिरवी रेघ उसळू लागली.

"आता मनातल्या मनात मूठ सैल सोडा, म्हणजे रेघ सपाट होईल," डॉक्टर म्हणाला.

रेघ उसळतच राहिली, कुणी हिसके द्यावेत तशी. डॉक्टरनं सुई बदलली. तरी तेच.

मी चिडले. "सोड की रं. कामून धरून बसलायस?"

"सोडता येत न्हाई, वैनी," अंबाजी हळूच म्हणाला. "अण्णा खालून ओढायलाय."

परतताना बसमध्ये त्याच्या उजवीकडची जागा रिकामी होती. हुलसूर येईपर्यंत मी उभीच राहिले.