पहिल्या दिवसाचा चीक

निपाणीतल्या आमच्या गल्लीत कच्चं आणि शिजलेलं यांत फार अंतर होतं. आमच्या परसातल्या शेवग्याच्या शेंगा सगळ्या घरांत जायच्या. ओल्या मिरच्या जायच्या, कढीपत्ता जायचा. त्याच शेंगांची आमटी आमच्या चुलीवर शिजली की मात्र ती फक्त आमची. चहाचं नाव काढलं की समोरचं माणूस "आत्ताच झाला बघ" म्हणायचं, तेही इतक्या गोड आवाजात, की राग धरायला जागाच मिळू नये. मी तो धरायचेच.

आम्ही बौद्ध. आप्पांना नगरपालिकेत शिपायाची नोकरी लागली, तेव्हा वस्तीतलं घर सोडून आम्ही या शेतकरी-व्यापाऱ्यांच्या गल्लीच्या टोकाला राहायला आलो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. माणसं वाईट नव्हती. आई तापानं पडली तेव्हा समोरच्या आक्का दोनदा येऊन विचारून गेल्या, उंबऱ्याबाहेरून का होईना. आक्का गल्लीतल्या सगळ्यांत थोरल्या. त्या बोलल्या की गल्ली बोलली, असा तो मामला होता.

मामानं चिकोडीकडून एक जर्सी कालवड आणून दिली आणि आईला विड्या वळण्यापलीकडे एक जग मिळालं. कालवड गाभण राहिली तशी आई तिला गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथले डॉक्टर कानडी, मराठी जपून बोलणारे. त्यांनी करड्या रंगाची एक पावडर दिली. पोटातलं वासरू आईच्या हाडांतून सगळं ओढून घेतं, म्हणून गाभण गाईला हे क्षार रोज खुराकातून द्यायचे, असं सांगितलं. त्या पावडरीला भिजलेल्या चुन्यासारखा वास यायचा. गाय तोंड फिरवायची. मग आई भरडा, पेंड आणि थोडा गूळ घालून ते सगळं मळायची आणि गोळे करून तिला हातानं भरवायची.

"मला बी एक गोळा दे की," आप्पा म्हणायचे. "हाडं माझी बी वाजाय लागल्यात."

"तुम्ही कुटं गाभण हाय?" आई म्हणायची.

गल्लीत हसू झालंच. गाईला टॉनिक चारतात म्हणे! पण महिन्या-दोन महिन्यांत गाईच्या अंगावर अशी चकाकी आली, की हसणारेही गोठ्याशी थबकायला लागले. आईचा त्या पावडरीवर देवासारखा विश्वास बसला. आमच्या घरात देव नव्हते, तेव्हा ती जागा रिकामीच होती.

गाय सकाळी व्याली. कालवड झाली, काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. आई तिला गोणपाटानं पुसत होती तेवढ्यात आक्का आल्या. हातात तांब्या.

"व्याली न्हवं? चीक दे गं थोडा. आमच्या सुनंला खरवस खायाचा लई डोहाळा लागलाय."

आई हातातलं गोणपाट तसंच धरून उभी राहिली. व्यायल्यानंतरचं ते पहिलं घट्ट पिवळं दूध. शिजवून खरवस ते त्यांच्या चुलीवर करणार, म्हणजे आमच्याकडून जाणार ते कच्चंच. तरीही ते दूध होतं, शेवग्याची शेंग नव्हती. आमच्या गोठ्यातलं, आईच्या हातानं काढलेलं, आणि ते मागायला आक्का आपल्या पायांनी आल्या होत्या.

"वासराला लई पाजू नगंस," आक्का जाता जाता म्हणाल्या. "हगवण लागती."

आक्कांमागून बाकीची घरं आली. कुणी तांब्या आणला, कुणी पितळी गडवा. आई काढत होती, ओतत होती. तिचा चेहरा मी पुन्हा तसा पाहिला नाही. लग्नाच्या पंगतीत यजमानीण वाढायला निघते तसा तो होता, मोठा झालेला. कासेत उरले ते चार घोट वासराच्या वाट्याला आले. उद्या परत येईलच की, असं आई म्हणाली. दुपारी तीच भांडी पुन्हा आमच्या दारात आली. दूध फुकट घेऊ नये, म्हणून कुणी आत जोंधळे घातले होते, कुणी गुळाचा खडा. खरवसाची वडी मात्र एकाही भांड्यात नव्हती. आमच्या गाईचा खरवस अख्ख्या गल्लीनं खाल्ला आणि आम्हाला त्याची चवही कळली नाही. हे माझ्या लक्षात आलं. आईच्या आलं की नाही, कुणास ठाऊक. ती गूळ डब्यात भरत होती.

आठवड्याच्या आत कालवडीला पांढरी हगवण लागली. डोळे खोल गेले, मान उचलेना. डॉक्टर सायकलवरून आले. त्यांनी सुई टोचली, आणि मग विचारलं, "पहिल्या दिवशी चीक किती पाजला?"

"चार घोट," आई म्हणाली.

"बाई, वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी झगडायची ताकद नसते. आईच्या पोटात ती मिळत नाही. चिकातून मिळते, आणि पहिल्या काही तासांतच. नंतर कितीही पाजा, त्याची आतडी ती घेत नाहीत." मग गोठ्याच्या कोपऱ्यातल्या पावडरीच्या पिशवीकडे बघून म्हणाले, "एवढे महिने गाईला चांगलं चारलंत. ते सगळं चिकात उतरलं असेल. तो चीक कुठं गेला?"

"गल्लीत," आई म्हणाली.

कालवड संध्याकाळी गेली. आप्पांनी शेवग्यापलीकडे खड्डा खणला. गाय दोन दिवस त्या दिशेला तोंड करून हंबरत होती. आक्का दारापर्यंत येऊन हळहळून गेल्या, दृष्ट लागली म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. म्हणूनच मला जास्त चीड आली.

गाय पुन्हा गाभण राहिली. पुन्हा ती पावडर, पुन्हा ते गोळे. पण आई आता भरवताना बोलायची नाही. या खेपेचं वासरू जगवायचं, एवढंच तिच्या मनात होतं. आणि गल्ली तांबे घेऊन येणार, हेही तिला दिसत होतं. नाही म्हटलं तर काय होईल, ते सांगायला कोणी नको होतं. नोकरी लागली, गाय आली, आता माजली, असं म्हणतील. जो एक दरवाजा किलकिला झाला तोही लागेल.

"थोडा थोडा दे," आप्पा म्हणाले. "कुणाला तोडू नगं."

"थोडा थोडाच दिलता," आई म्हणाली. "समद्यांस्नी थोडा थोडा."

दुसऱ्यांदाही कालवडच झाली. आक्का तांब्या घेऊन आल्या तेव्हा आई गुडघ्यांवर बसून ती चिमुकली मान कासेशी धरून होती. वासरू ढुशा मारत पीत होतं, तोंडाला पिवळा फेस.

"आक्का, आज न्हाय," आई वर न बघता म्हणाली. "आधी हिचं प्वाट भरू दे."

आक्कांनी तांब्या पदराखाली घेतला. मग त्या परत गेल्या. त्यांच्यामागून कुणीच आलं नाही.

कालवड दुसऱ्या दिवशीही पोटभर प्याली आणि तरी कासेत उरलं. आईनं ते काढलं, गूळ-वेलदोडा घातला आणि आमच्या चुलीवर खरवस केला. वड्या पाडल्या, परातीत मांडल्या, वर स्वच्छ फडकं घातलं आणि परात माझ्या हातात दिली.

"आई, शिजलेलं हाय हे," मी म्हटलं.

"मला कळतंय. कच्चं न्हाय देणार आता. घेतील त्यास्नी घेऊ दे."

मी गल्लीभर फिरले. एका घरी उपास होता. एका घरी दात दुखत होता. एका दारात "ठेव गं, नंतर बघू" म्हणाले, पण ठेवायला भांडं काही आणलं नाही. आक्का दारातच बसल्या होत्या. त्यांनी फडकं उचलून बघितलं. "झकास झालाय," म्हणाल्या, आणि फडकं परत नीट झाकलं.

मी परात जशी नेली तशी आणली. मला रडू आवरत नव्हतं. आईनं परातीकडे बघितलं, मग गोठ्याकडे.

"ती उठून उभी हाय न्हवं?"

"व्हय. उड्या मारतीया."

"मग बस हितं," आई म्हणाली. तिनं परात मधोमध ठेवली, आप्पांना हाक मारली आणि पहिली वडी माझ्या हातावर ठेवली. आमच्या गाईचा खरवस आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ला.