मामलेदाराचं स्थळ

आमचे हे ज्या चौकश्या करून कुत्री देतात, तेवढ्या चौकश्या करून लोक पोरीसुद्धा देत नाहीत. सरकारी प्राणी निवाऱ्यात पिंजरे धुवायचे, खाणं घालायचं, औषध पाजायचं ही ह्यांची नोकरी. पण कुणी कुत्रं पाळायला मागायला आलं की हे एकदम मुलीचे बाप होतात. घर कितव्या मजल्यावर, सुट्टीत बाहेर गेलात तर ह्याला कोण बघणार, शेजारी भांडखोर आहेत का! एकदा एक चांगलं मोटारवालं जोडपं आलं, तर त्यांना हात हलवत परत पाठवलं. का, तर म्हणे, "कुत्रा त्याचा हात हुंगत होता आणि तो माणूस घड्याळ बघत होता."

मी म्हटलं, "अहो, आपल्या लग्नात तुम्ही सगळा वेळ पंख्याकडे बघत होतात, त्याचं काय?"

"तो पंखा खडखडत होता," हे म्हणाले. संपलं!

मी घरी शिवणकाम करते. खिडकीशी माझं मशीन, समोर गिऱ्हाइकांना बसायला एक बाक, मागे स्वयंपाकाचा ओटा, की घर संपलं. ह्या घरात कुत्र्याने पाऊल टाकायचं नाही, हे मी पहिल्याच वर्षी बजावून ठेवलं होतं. लोकांच्या नव्या कपड्यांवर केस चिकटले तर माझ्याकडे कोण येईल? हे बिचारे ऐकतात. कुत्रं आणत नाहीत, फक्त कुत्र्यांच्या गोष्टी आणतात. जेवताना एकेकाचं पोट कसं साफ झालं ते सविस्तर सांगतात. घ्या, जेवा आता!

तर निवाऱ्यात एक म्हातारा कुत्रा होता. त्याचं नाव मामलेदार. तो फाटकाशी बसून असायचा, कुणासाठी उठायचा नाही आणि येणाऱ्याकडे "उद्या या" अशा नजरेने बघायचा, म्हणून हे नाव. एक कान अर्धा, चाल लंगडी. त्याला कोण नेणार?

नेलं साहेबांनी! निवाऱ्याचे मोठे साहेब. कुत्री फार साठली म्हणून त्यांनी मोठा कार्यक्रम केला, खुर्च्या मांडल्या, माइक लावला आणि नवा नियम जाहीर केला. दिलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या घरी न कळवता जाऊन तपासणी करायची. कुत्रा बांधलेला, उपाशी किंवा पाण्यावाचून सापडला तर तिथल्या तिथे परत आणायचा. "कुणालाही अपवाद नाही!" साहेब माइकवर गरजले. टाळ्या पडल्या, तशी त्यांना आणखी हुरूप आला, आणि मामलेदाराला त्यांनी स्वतःच दत्तक घेतलं. हारबीर घालून फोटो निघाला. तो फोटो आता वरच्या ऑफिसात लागलाय. त्यात साहेब हसतायत आणि मामलेदार "उद्या या" म्हणतोय.

बाकीचे कामगार तपासणी फोनवर करायचे. "कुत्रा बरा आहे ना? बरं." झाली तपासणी! आमच्या ह्यांना मात्र नियम सांगितला की तो अंगातच भिनतो.

त्या रविवारी हे मला बाजारात नेणार होते. किती दिवसांनी, विचारू नका. मी चांगली साडी नेसले, केसांत पिन लावली. निम्म्या वाटेत हे म्हणाले, "जाता जाता दोन मिनिटांचं काम आहे." आणि नेलं कुठे? साहेबांच्या बंगल्यावर!

दार साहेबांच्या आईने उघडलं. ह्यांनी हात जोडले. "कुत्र्याच्या तपासणीला आलोय." म्हातारीने देवच भेटल्यासारखा चेहरा केला. "बाबा रे, आधी गच्चीवर जा. माझ्याच्याने जिना चढवत नाही, आणि ते दिवसभर विव्हळतंय."

गच्चीवर टाकीच्या पाइपला मामलेदार बांधलेला. दोर आखूड. पाण्याची बादली होती, पण दोर पोचत नाही अशा कोपऱ्यात, आणि तीही कोरडी. आम्हाला बघून तो उठला. जो कधी कुणासाठी उठला नाही, तो उठला हो!

"लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," मी म्हटलं. ह्यांनी दोर सोडला, खाली येऊन म्हातारीला सांगितलं, "नियमाप्रमाणे परत नेतोय," आणि निघाले. मग काय, भर बाजारातून आमची वरात! पुढे हे, मधे लंगडणारा मामलेदार, मागे चांगल्या साडीत मी. माझी एक गिऱ्हाईक भेटली. म्हणाली, "अगंबाई, फिरायला निघालात?" मी म्हटलं, "हो, कधी नव्हे ते ह्यांनी नेलं, तेही कुत्र्याबरोबर."

सोमवारी साहेबांचा नुसता भडका उडाला. कागदोपत्री कुत्रा दिलेला आहे, म्हणजे निवाऱ्यात त्याला जागा नाही. "फार नियम कळतात ना तुम्हाला? मग उद्या संध्याकाळपर्यंत त्या नियमात बसणारं घर आणा. नाहीतर कुत्रा माझ्या गच्चीवर, आणि तुम्ही नोकरीतून घरी!"

हे घरी आले ते पडलेल्या चेहऱ्यानेच. सगळ्या ओळखीपाळखीत विचारून झालं होतं. अर्ध्या कानाचा म्हातारा कुणालाच नको होता. ताट पुढे ठेवलं, तर भात नुसता चिवडत बसले. माझ्या डोळ्यांपुढून ती कोरडी बादली हलेना. शेवटी मीच म्हटलं, "आणा त्याला इथे. केसांचं मी बघते."

कुणीही दुसरा नवरा असता तर हरखला असता. ह्यांनी हात धुतला, बाकावर गिऱ्हाइकाच्या जागी जाऊन बसले आणि म्हणाले, "आधी तपासणी करावी लागेल."

"कुणाची?"

"ह्या घराची. नियम सगळ्यांना सारखा."

मला हसू आवरेना. म्हटलं, विचारा. होऊन जाऊ दे!

"दिवसभर घरी कोण असतं?"

"मी."

"संध्याकाळी?"

"मीच."

"घरातला पुरुष माणूस?"

"अंधार पडल्यावर येतो."

"स्वभावाने तापट आहे का?"

"नाही हो. तापट मी आहे. तो थंड आहे."

"घरच्यांशी बोलतो का?"

"बोलतो की. कुत्र्यांबद्दल."

ह्यांनी मान खाली घातली, पण थांबले नाहीत. "दुखलंखुपलं तर जवळ कोण बसतं?"

आता माझं हसू गेलं. "मागे मी तापाने फणफणले होते, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"निवाऱ्यात," हे हळूच म्हणाले. "पिल्लं होताना एक कुत्री अडली होती."

"आणि मी पाण्यासाठी भिंत धरत धरत ओट्यापर्यंत गेले होते. माठ रिकामा होता. गच्चीवर तरी कुणी येऊन दोर सोडला हो! माझ्या तपासणीला कोण आलं?"

मला रडू फुटलं. रागाचंही होतं आणि इतकी वर्षं न बोलल्याचंही. "माझ्या वडिलांनी तुम्हाला एवढे प्रश्न विचारले असते ना, तर मी आज दुसऱ्याच घरात असते!"

ह्यांनी माठाकडे बघितलं. मग खरोखरच म्हणाले, "हे घर नापास." आणि थोड्या वेळाने, "दोष घराचा नाही. माणसाचा आहे. दोष दूर केला तर पुन्हा तपासता येतं."

दुसऱ्या दिवशी उन्हं असतानाच दार वाजलं. दारात हे, आणि दोराविना मामलेदार. त्याला उंबऱ्याबाहेरच बसवून हे सरळ माठाकडे गेले. तांब्या भरून माझ्या मशीनशेजारी ठेवला. मग दुसरं भांडं भरून त्याच्यापुढे ठेवलं. मी तांब्याकडे बघितलं आणि म्हटलं, "पास. या आत दोघं."

साहेबांनी वर कळवलं की कुत्र्यासाठी त्यांनी आणखी चांगलं घर शोधलं. शोधलं म्हणे! आम्ही हसून सोडून दिलं. नोकरी शाबूत राहिली.

आता मामलेदार दारात बसतो आणि गिऱ्हाइकांना "उद्या या" म्हणतो. कपड्यांवर केस चिकटतात, मी शिव्या देते, हे झटकतात. आणि मधूनच कधीतरी, न कळवता, हे कामावरून लवकर येतात. किल्ली खिशात असूनही दार वाजवतात आणि बाहेरूनच विचारतात, "तपासणीला आलोय. काही तक्रार?"

"कुणाची? त्याची की माझी?"

"दोघांची."

"मग बसा," मी म्हणते. "माझी आधी ऐका. माझी मोठी आहे."