कपाळावरची वेळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आणि ज्याला सांगायला हवं तो किसन तर इथून हाकेच्या अंतरावर, देहूरोडच्या बाजारात, सायकलींचे पंक्चर काढत बसलेला असतो. एका पायाचा माणूस. दिवसभर दुसऱ्यांच्या सायकली नीट करतो, स्वतः मात्र कधी सीटवर बसला नाही.

पण आधी त्या घराचे उपकार सांगतो. मला सख्खी बहीण नाही. किसनची बायको सोना दर भाऊबीजेला मला पाटावर बसवते, ओवाळते. मागे मी टायफॉइडनं आडवा झालो तेव्हा तीन आठवडे पेजेचा डबा तिच्या घरून येत होता — कुबडी टेकत किसन स्वतः आणून द्यायचा. माझ्यासारख्याला एवढी माया कशापायी? बाजारात कुणालाही विचारा, सांगेल — काश्मीरच्या लढाईत यानं किसनचा जीव वाचवला.

जीव वाचला, हे खरंच आहे. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते उगाच नाही.

मी पलटणीत जखमींना मलमपट्टी करणारा शिपाई होतो. आमच्या कामाचा एक नियम होता. रक्त थांबवायला मांडी पट्टीनं करकचून आवळली, की जखमीच्या कपाळावर पेन्सिलीनं वेळ लिहायची, आणि दर अर्ध्या तासानं पट्टी क्षणभर सैल करायची. नाहीतर रक्तावाचून पाय मरतो. कपाळावरची वेळ वाचून डॉक्टर पुढचं ठरवायचे.

त्या सकाळी डोंगराच्या उतारावर किसनच्या गुडघ्याखाली गोळी लागली. मी मांडी आवळली. कपाळावर लिहिलं — आठ. तेवढ्यात वरून पुन्हा गोळीबार सुरू झाला. "स्ट्रेचर बघून येतो," म्हणालो आणि तीस पावलांवरच्या खडकामागे जाऊन बसलो. किती वेळ चालला असेल तो गोळीबार? अर्धा तास, फार तर. मी उठलो बारा वाजता. मधले तास काय केलं? काहीच नाही. किसन कण्हत होता ते ऐकू येत होतं, मग तेही थांबलं. घड्याळ माझ्याच मनगटावर होतं, आणि मी ते बघत होतो.

बारा वाजता स्ट्रेचरवाले चढून येताना दिसले, तेव्हा मात्र माझे पाय बरोबर उठले. धावत किसनपाशी गेलो. श्वास चालू होता. पाय काळानिळा, गार. आणि मग — हेच ते — मी बोटांना थुंकी लावली आणि त्याच्या कपाळावरचा आठ पुसून काढला. पेन्सिल चिवट होती, दोन-तीनदा हात फिरवावा लागला. तिथंच पुन्हा लिहिलं — अकरा.

डॉक्टरांनी कपाळ वाचलं, पाय पाहिला. जखमच भारी होती म्हणाले, आणि पाय मांडीतून काढला. वर माझी पाठ थोपटली. मी वेळच्या वेळी उठलो असतो तर पाय राहिला असता का? ठाऊक नाही. तीस पावलं होती, एवढं ठाऊक आहे.

परवाच्या भाऊबीजेला कुंकू लावताना सोना म्हणाली, "दादा, तुमी व्हता म्हून माजं कुकू हाय." दरवर्षी म्हणते. दरवर्षी मी मान खाली घालतो, आणि लोकांना तो माझा साधेपणा वाटतो. यंदा किसन मध्येच बोलला. इतक्या वर्षांत हे कधी बोलला नव्हता.

"मला धड सुद नव्हती गड्या. पर तू वल्या हातानं माजं कपाळ पुसलंस, तेवढं ध्यानात ऱ्हायलं. दोन-तीनदा पुसलंस बग. तवा आय आठवली मला. म्हटलं, आता काय आपन मरत न्हाई."

सोनानं डोळ्यांना पदर लावला. मी करंजी तोंडात घातली. तिनं आणखी एक वाढली, तीही खाल्ली. किसन जगला याचा आनंद मला रोज होतो, आणि या दोघांमुळंच मी माणसांत आहे.

पण तो हात मी आठ पुसायला फिरवला होता.